मोडलेली पिन कुणाची

किल्ल्यांचा जुडगा कठड्यावर आपटत जिना चढायची गिरीश सेलूकरची जुनी सवय होती. तो आवाज कानावर पडला आणि अश्विनीच्या हातातला चिमटा जागच्या जागी थांबला. गेल्या चौदा महिन्यांत हा माणूस एकदाही वर आला नव्हता.

आबिड्सच्या बाजारातल्या त्या जुन्या व्यापारी इमारतीत गिरीशचं दुकान तळमजल्यावर, अगदी दर्शनी होतं. अश्विनीचं काम चालायचं त्याच जिन्यावरच्या पोटमाळ्यावर. छत इतकं खाली, की उंच माणसाला मान वाकवूनच उभं राहावं लागे. रोज सकाळी ती त्याच्या काचेसमोरून वर जाई, आणि रोज सकाळी तो काहीतरी शोधत असल्यासारखा पाठ फिरवी.

त्याआधी सहा वर्षं ती त्याच्याच दुकानात होती. मागे, हिरव्या पडद्याआड. कॉम्प्युटरचा मदरबोर्ड म्हणजे अवघ्या यंत्राचा पाया. त्यावरचं बारीक काम शहरात फार थोड्यांना जमतं. ते काम पडद्यामागे अश्विनी करायची आणि पडद्यापुढे गिऱ्हाईक म्हणायचं, "गिरीशभाई, आपके हाथ में जादू है." गिरीश हसून मान लववायचा. एकदा तिने म्हटलं, "दादा, दुकानाच्या कार्डावर खाली माझं पण नाव छापू या का?" त्याला वाटलं ती थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळल्यावर तो म्हणाला, "नाव बघून कोण येतं? पोरीचं नाव बघून तर अजिबात नाही."

तिने महिन्याभरात काम सोडलं. त्यानंतर आठ दिवसांतच बाजारात कुजबुज सुरू झाली की बिरादारांची अश्विनी बोर्डावरच्या चांगल्या चिपा काढून घेते आणि जुन्या लावून देते. कुजबुज कुठून निघाली हे विचारायची गरजच नव्हती. आबिड्समधले बहुतेक दुकानदार तिला काम देईनासे झाले; दोघे-तिघे तेवढे अधूनमधून एखादा बोर्ड पाठवत. करीमनगर, निझामाबाद, नांदेड अशा गावांहून कुरियरने येणाऱ्या बोर्डांवर तिने दिवस काढले.

आणि आज तोच माणूस मान वाकवून तिच्या पुढ्यात उभा होता. हातात स्थिर विजेपासून जपणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशवीत गुंडाळलेला बोर्ड. मागे पन्नाशीच्या एक बाई, सुती साडी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा.

"अश्विनी बेटा, एक अर्जंट बोर्ड आहे," गिरीश म्हणाला. आवाज असा, की काल संध्याकाळीच दोघं चहा पिऊन उठले असावेत.

"बेटा नका म्हणू. बोर्ड तिथं ठेवा."

"बघा मॅडम, स्वभाव असा आहे हिचा. पण हात चांगला आहे. मीच शिकवलंय."

त्या बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एकुलत्या स्टुलावर बसत त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर मृण्मयी मानवतकर. नल्लकुंट्याला माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. काचबिंदूच्या पेशंटची नजर कडेकडेने किती उरलीय हे मोजायचं एक मशीन आहे माझ्याकडे, त्याच्या कॉम्प्युटरचा हा बोर्ड. मशीनचं सॉफ्टवेअर याच बोर्डाला बांधलेलं आहे. दुसरा बोर्ड घातला तर ते उघडत नाही, आणि ज्या कंपनीने दिलं ती बंद पडली. सोमवारी फक्त पंख्याचा आवाज येत होता. साफ करायला म्हणून यांच्याकडे दिलं. मंगळवारी परत आलं ते मेलेलंच आलं, म्हणून डबा पुन्हा यांच्या दुकानात आणून टाकला."

"मेलेलं नाही मॅडम," गिरीश मध्येच म्हणाला. "मी सांगितलं ना तुम्हाला. तीन वर्षांपूर्वी हा बोर्ड दुकानात आला होता तेव्हा हिनंच खोलला होता. त्याच वेळी आतल्या पिना वाकवून ठेवल्या, आणि मला सांगितलं नाही. मी परवा प्रोसेसर काढून बघतो तर आत हे असं. म्हणून म्हटलं, जिनं केलंय तिच्याकडूनच नीट करून घेऊ."

अश्विनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा तिच्या खोलीत, तिच्या टेबलासमोर उभा राहून, तिच्याकडूनच काम करून घ्यायला आला होता, आणि वर हे बोलत होता.

तिने पिशवी उघडली. बोर्ड तिने ओळखला. कडेचा एक कपॅसिटर तिने बदललेला होता. टाक्याचं कथील तिचंच, तिला आपल्या हाताचा टाका कुठेही ओळखू आला असता. तेवढंच काम तिने केलं होतं. प्रोसेसरला बोटही लावलं नव्हतं.

"मी हा उघडला नव्हता," ती डॉक्टरांना म्हणाली. "कपॅसिटर बदलला होता, हा. बस्स."

"तीन वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं?" गिरीश म्हणाला.

"मला आठवतं. कारण काम मी करत होते."

डॉक्टरांनी हात वर केला. "मला तुमच्या भांडणात काडीचा रस नाही. बुधवारपासून मी अकरा पेशंट परत पाठवलेत. त्यातले दोघे महबूबनगरहून बसने आले होते. हे होणार की नाही, एवढं सांगा."

"आधी बघू द्या."

तिने बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कॅमेरा चालू केला. भिंतीवरच्या जुन्या टीव्हीवर सॉकेट उमटलं. प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो तो हा चौकोन. त्यात अकराशेहून जास्त सोनेरी पिना, प्रत्येक केसाएवढी, प्रत्येक पिन स्प्रिंगसारखी किंचित वर उचललेली. सगळ्या धड असल्या की उजेड त्यांच्यावरून एकसारखा सरकतो. इथे मात्र एका कोपऱ्यात अंधार होता. जनावर घुसून ज्वारी आडवी व्हावी तशा तिथल्या ओळी एकमेकींवर पडल्या होत्या.

हात लावायच्या आधी तिने फोटो घेतले. चारही बाजूंनी, दहा-बारा. बाजारातल्या त्या कुजबुजीपासून तिने हा नियमच केला होता.

डॉक्टर उठून टीव्हीजवळ गेल्या. "उजेड जरा बाजूने टाका," त्या म्हणाल्या. मग, अश्विनीने वळून बघितल्यावर, "मीही दिवसभर याच्याखालीच काम करते."

अश्विनीने दिवा तिरपा केला.

"ही करडी घाण कसली? पिनांच्या मध्ये?"

"प्रोसेसरवर गार ठेवायला लावतात ती पेस्ट. सॉकेटमध्ये ती यायलाच नको." अश्विनीने सुईच्या टोकाने तिला स्पर्श केला. पेस्ट लोण्यासारखी पसरली. "तीन वर्षांची पेस्ट वाळून खडूसारखी होते. ही ओली आहे."

"पेस्ट मी परवा लावली, ते तर मीच सांगितलं," गिरीश म्हणाला. "ती खाली उतरली असेल. उन्हाळा आहे."

"पिना तीन वर्षं अशाच वाकलेल्या होत्या, तर सोमवारपर्यंत मशीन चाललं कसं?"

"चालतं कधी कधी. मॅडम, ही लाईनच तशी आहे. कब चलता कब रुकता, कोई नहीं बता सकता."

डॉक्टरांनी गिरीशकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि गिरीशने ते टाळायला खिशातला फोन काढला.

"बहुतेक होईल," अश्विनी म्हणाली. "पण मी हे तुमच्या समोर करणार. आणि हे पण इथंच बसतील. नंतर कुणी काही म्हणायला नको."

"मला खाली गिऱ्हाइकं आहेत," गिरीश म्हणाला.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या.

तो बसला. स्टूल नव्हतंच, म्हणून कुरियरच्या खोक्यावर बसला.

अश्विनीने आधी स्पिरिटने पेस्ट धुऊन काढली, थेंब थेंब, आणि ब्रशने नव्हे तर फुंकणीच्या वाऱ्याने वाळवली, कारण ब्रशचा एखादा केस पिनेत अडकला तर ती उपटूनच येते. मग वाकलेल्या पिना मोजल्या. एकोणीस. मग ती कामाला लागली. दातांचे डॉक्टर वापरतात तसली आकडी होती तिच्याकडे, टोक दगडावर घासून आणखी बारीक केलेलं. पिनेच्या मानेखाली ते घालायचं, श्वास रोखायचा, आणि नुसता विचार करावा इतक्या जोराने वर घ्यायचं. पिन एकदम सरळ करायची नाही. थोडी उचलायची, शेजारणीशी ताडून बघायची, पुन्हा थोडी.

"हळू," गिरीश मागून म्हणाला. "तिथं जोर नको देऊ. मी दाखवलं होतं तसं धर."

चिमटा पहिल्यांदा त्यानेच तिच्या हातात दिला होता, हे खरं होतं. पण त्यापुढचं सगळं ती भंगारातल्या मेलेल्या बोर्डांवर शिकली होती, दुपारच्या सुट्टीत, डबा मांडीवर ठेवून. त्याने काय दाखवलं होतं? पडदा ओढून घ्यायला.

"आणि तो हात थरथरतोय तुझा. मॅडम, बघा, थरथरतोय."

हात थरथरत नव्हता. पण त्याने म्हटल्यावर तिला तो थरथरल्यासारखा वाटला. तिने आकडी खाली ठेवली, हात ओढणीला पुसला आणि वळून त्याच्याकडे बघितलं.

"नुसता प्रोसेसर हातून सटकून पडला असता तर सगळ्या पिना एका बाजूला झुकल्या असत्या," ती म्हणाली. "यातल्या पाच-सहा आधी एकीकडे वाकल्यात, मग उलट्या ढकलल्यात. त्यांच्यावर ओरखडे आहेत. कटरच्या पात्यानं सरळ करायला गेला होतात ना?"

"कोण म्हणतं?"

"तुम्ही सगळं कटरच्या पात्यानंच करता. मी सहा वर्षं बघितलंय."

"तोंड सांभाळून बोल. नोकराच्या पोरीला आबिड्समध्ये आणून बसवलं मी. नाहीतर बेगम बाजारात डाळीच्या गोण्या शिवत बसली असतीस बापाबरोबर."

"माझे वडील गोण्या शिवत नव्हते. आणि शिवल्या असत्या तरी त्या दुसऱ्याच्या नावावर विकल्या नसत्या."

"पुरे!" डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला पेशंट आहेत. काम करा."

पुढचा पाऊण तास अश्विनी सूक्ष्मदर्शकावर वाकून होती. खाली रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते, टेबलपंखा अश्विनीने बंद ठेवला होता, आणि पोटमाळ्यावर तिघांना घाम फुटला होता. एकेक पिन उभी राहत गेली. टीव्हीवरचा अंधार कोपऱ्यातून आक्रसत गेला.

गिरीशला खालून बोलावणं आलं. "दोन मिनिटांत येतो," म्हणत तो उतरला. यावेळी डॉक्टरांनी अडवलं नाही, कारण त्यांचाही फोन वाजला होता. बोलत बोलत त्या जिन्याजवळच्या खिडकीशी गेल्या, पाठमोऱ्या. दवाखान्यातल्या कुणालातरी त्या थेंबांची मात्रा समजावत होत्या.

तेवढ्यात पिन मोडली.

मोठं काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही. उरलेल्या तीन पिनांतली ती एक, पात्याचा ओरखडा असलेली. अश्विनीने तिला उचललं, ती अर्धी आली, आणि मग तिचं वरचं टोक आकडीला चिकटून सरळ बाहेर आलं. दोनदा वाकून धातू आधीच थकलेला होता. पण मोडली ती तिच्या हातात.

तिने श्वास सोडला. खिडकीकडे बघितलं. डॉक्टरांची पाठ. जिन्यावर कुणी नाही. टीव्हीवर सॉकेट दिसत होतं, पण बघायला कुणी नव्हतं.

आलीच होती मोडलेली, एवढंच म्हणायचं. पाच-सहा पिनांवर ओरखडे आहेत हे डॉक्टरांनी नुकतंच ऐकलेलं. त्यांना शंकासुद्धा येणार नाही. आणि गिरीशने शपथा घेतल्या तरी आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? एक वाक्य, आणि तो या बाईंच्या नजरेतून कायमचा उतरला असता. त्याने तिच्या नावावर नसलेलं पाप घातलं होतं. तिने त्याच्या नावावर फक्त एक पिन घालायची होती. तीसुद्धा अर्धी त्याचीच.

तिला ते करायचं होतं. पुढे कधी कुणाशी बोलताना तिने हे लपवलं नाही. तोंडात वाक्य तयार होतं.

मग तिला हिरवा पडदा आठवला. पडद्यापलीकडून तिने किती वेळा ऐकलं होतं ते, अगदी याच सुरात, मऊ, सहज: "मॅडम, आलाच होता तसा. सर, हे आधीपासूनच होतं." गिऱ्हाईक मान डोलवायचं. ती आत बसून दात खायची. तेच वाक्य आता तिच्या जिभेवर होतं, शब्दही तेच, आणि त्याची तिला शिसारी आली.

डॉक्टर फोन ठेवून वळल्या. त्याच वेळी जिन्यावर किल्ल्या वाजल्या.

"एक पिन मोडली," अश्विनी म्हणाली. "माझ्या हातून. आत्ता."

गिरीश शेवटच्या पायरीवर होता. त्याने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, की कुणी त्याला मुलगा झाल्याची बातमी सांगितली असावी.

"बघा! बघा मॅडम! मी काय सांगत होतो? ही हिची कारागिरी. मोडला! बोर्ड मोडला!"

"बोर्ड नाही, पिन. आधीच दोनदा वाकवलेली होती."

"आता कारणं सांग. मोडली कुणी? तूच म्हणालीस ना, माझ्या हातून?"

"हो, म्हणाले."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे संपलं का?" त्यांनी विचारलं. "मशीन गेलं?"

"माहीत नाही. ती पिन कशाची होती त्यावर आहे."

तिने लॅपटॉपवर सॉकेटचा नकाशा उघडला. प्रत्येक पिनेला त्यात अक्षर आणि आकडा असतो. ओळ मोजली, मग खात्रीसाठी उलट बाजूने पुन्हा मोजली. गिरीश मागे उभा राहून मोठ्याने श्वास घेत होता. नकाशाप्रमाणे ती पिन मेमरीच्या दुसऱ्या रस्त्याची निघाली. बोर्डावर मेमरीच्या पट्टीसाठी दोन खाचा होत्या. त्यातली एक आता कायमची बंद.

"उरलेल्या खाचेत पट्टी लावली तर चालायला हवं," ती म्हणाली. "पण ही खाच परत कधी चालणार नाही. ती माझ्यामुळे गेली."

राहिलेल्या दोन पिना तिने सरळ केल्या. यावेळी हात खरंच थरथरत होता, आणि गिरीश काही बोलला नाही तरी तो बघतोय हे तिला मानेवर जाणवत होतं. प्रोसेसर दोन बोटांत धरून सरळ खाली ठेवला, झाकण लावलं, दांडी दाबली. मेमरीची पट्टी उरलेल्या खाचेत घातली. वीज दिली.

पंखा फिरला. जोडलेल्या मॉनिटरचा पडदा काळाच राहिला. पाच सेकंद, दहा. गिरीशने "हं" असं काहीतरी केलं. मग एक बीप वाजली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"डिस्क लागेल," अश्विनी म्हणाली. "ती तुमच्या दुकानात आहे."

गिरीश हलला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आणा." तो गेला आणि स्वतःच्या हातांनी तो जड डबा जिन्यावरून वर घेऊन आला, धापा टाकत. डिस्क जोडली. सॉफ्टवेअर उघडलं, त्याने बोर्ड ओळखला. निळ्या पार्श्वभूमीवर डॉक्टरांच्या पेशंटांची नावं एकाखाली एक आली, आणि डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

पण त्यांनी आभार मानले नाहीत. "कुणी काय केलं ते मला लिहून द्या," त्या म्हणाल्या. "दोघांनी. उद्या परत बिघडलं तर मला माहीत असलं पाहिजे."

"मी कशाला लिहू?" गिरीश म्हणाला. "मी फक्त पंखा साफ केला."

अश्विनीने लिहिलं. दहावीपर्यंत तेलुगू शाळेत शिकलेली, घरात मराठी बोलणारी, इंग्रजी तिचं कामापुरतं. तरी इंग्रजीत लिहिलं: एकोणीस पिना वाकलेल्या आल्या, ओली पेस्ट होती, पात्याचे ओरखडे होते, अठरा सरळ केल्या, एक माझ्या हातून मोडली, मेमरीची एक खाच बंद. खाली पूर्ण नाव आणि सही. कागद टेबलावर होता तेवढ्यात गिरीशने फोन पुढे करून त्याचा फोटो काढला. "रेकॉर्डसाठी," तो म्हणाला. अश्विनीनेही एक फोटो काढून ठेवला आणि कागद डॉक्टरांना दिला.

"मी उपकार मानावेत असं कुणी समजू नका," जाताना डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा आठवडा घालवला. बिल पाठवून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबिड्समधल्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. अश्विनीच्या अक्षरातली एकच ओळ, वरचं-खालचं कापून टाकलेलं: एक पिन माझ्या हातून मोडली. खाली तिची सही. आणि त्याखाली गिरीशचा मजकूर: "भाइयो, बोर्ड देताना संभालके."

दुपारपर्यंत दोन जणांनी आपले बोर्ड न करताच परत मागितले. एकाने तर माणूस पाठवून नेलाही.

संध्याकाळी घरी तिने वडिलांना सांगितलं. नामदेवरावांनी तीस वर्षं बेगम बाजारात डाळीच्या घाऊक दुकानात काढली होती. बाजार कसा असतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पिन मोडली तेव्हा कुणी बघत होतं?"

"नाही."

"मग तुला बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"बाबा, तुम्ही पण?"

"मी कुणाच्या बाजूनं बोलत नाही, पोरी. पण बाजारात जो कबूल करतो, त्याच्याच डोक्यावर सगळं आणून टाकतात. गप्प बसली असतीस तर तो आज परेशान असता, तू नाही."

तिने ताट तसंच सारलं आणि भांडी इतक्या जोरात घासली, की शेजारच्या बाई खिडकीत आल्या. रात्रभर तिला वडिलांचा राग आला. ते खोटं बोलत नव्हते, म्हणून जास्तच आला.

सकाळी ती वर गेलीच नाही. थेट गिरीशच्या दुकानात शिरली. काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"पूर्ण कागद टाका," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या कागदाची एक ओळ कापून टाकलीत. पूर्ण टाका."

गिरीश गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "सॉरी हां. आमची जुनी नोकर आहे. थोडी किरकिर करते."

"नोकर होते. सहा वर्षं तुमच्या नावावर काम मी करत होते. हे सगळ्यांसमोर खोटं आहे म्हणा, मी आत्ता जाते."

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. गिरीशचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या कपाळावरची शीर वर आली. "बाहेर हो," तो हळूच म्हणाला. "नाहीतर तुझा तो पोटमाळा पण खाली करायला लावीन."

"लावा."

ती वर आली आणि तिने ग्रुपवर सगळं टाकलं. पूर्ण कागद, चुकलेल्या स्पेलिंगांसकट. हात लावायच्या आधी घेतलेले बाराही फोटो: ओली करडी पेस्ट, एकमेकींवर पडलेल्या पिना, पात्याचे ओरखडे. वर एवढंच लिहिलं: "पिन मी मोडली. बाकी अठरा कुणी वाकवल्या ते विचारा."

पंचावन्न जणांच्या ग्रुपमध्ये कुणी एक शब्द बोललं नाही. एका जणाने अंगठा दाखवला आणि लगेच काढून घेतला. दहा मिनिटांनी तिला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

पुढचे बारा दिवस आबिड्समधून एकही बोर्ड आला नाही. जिन्याच्या पायथ्याशी मात्र गिरीशची रिकामी खोकी रचली जाऊ लागली, बरोबर तिच्या वाटेत. ती रोज सकाळी ती बाजूला सारून वर जाई. संध्याकाळी उतरताना पुन्हा तिथंच असत. पोटमाळ्याच्या मालकाकडेही कुणीतरी जाऊन आलं होतं. मालकाने तिला बोलावून इतकंच विचारलं, की वर काही आगीचं काम चालतं का. ती म्हणाली, कथील वितळवायची पेन्सिल आहे, बाबू, आग नाही. तो हसला नाही, पण काढूनही टाकलं नाही.

तेराव्या दिवशी गल्लीपलीकडच्या लॅपटॉप दुकानाच्या शिवराजचा फोन आला. आवाज खाली. "अश्विनीताई, एक बोर्ड आहे. पिना वाकल्यात. आमच्याच माणसाच्या हातून. माणूस पाठवतो. फक्त कुणाला बोलू नका, गिरीशभाईशी आमचा रोजचा व्यवहार आहे."

"करते," ती म्हणाली. "पण खोक्यावर चिठ्ठी लावून पाठवा. बोर्ड तुमच्या दुकानाचा, दुरुस्ती अश्विनी बिरादारची. गिऱ्हाइकाला देताना पण तीच चिठ्ठी राहील."

"ताई, नाव कशाला? काम झालं म्हणजे झालं."

"मग दुसऱ्याकडे द्या."

त्याने फोन ठेवला. तिने आपला बराच वेळ हातात धरला. काम हवं होतं. हवं होतं म्हणण्यापेक्षा नडलं होतं. तरी तिने परत फोन केला नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी शिवराज स्वतः आला. खाली गिरीश काउंटरवर उभा होता. शिवराजला त्याच्या डोळ्यांसमोरून, खोकी ओलांडून वर यावं लागलं. वर पोचला तेव्हा त्याला घाम आला होता. बगलेत बोर्डाचा डबा.

"दुसरीकडे दाखवला," तो म्हणाला. "ते म्हणाले, फेकून द्या." मग जरा थांबून, "चिठ्ठी लिहा तुम्हीच. माझं अक्षर घाण आहे."

अश्विनीने चिठ्ठी लिहिली, त्याच्यासमोर डब्यावर चिकटवली आणि दिवा लावला. खालून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. शिवराजने दचकून जिन्याकडे बघितलं.

"बसा," ती म्हणाली. "पिना मोजायच्यात. वेळ लागेल."